मुलाणी साहेबांनी शिजवलेला पावटा

वाळलेलं कडधान्य शिजवायला काही अक्कल लागत नाही, असं अमजद मुलाणी मंगळवारी सकाळी कट्ट्यावर बोलून बसले, आणि शनिवारी दुपारी बारामतीजवळच्या जळोचीत त्यांना तोंड लपवायला जागा उरली नाही. मधल्या चार दिवसांत काय झालं ते सांगायचं तर आधी कट्ट्याविषयी थोडं सांगायला हवं.

कट्टा म्हणजे कॉलनीतल्या पाण्याच्या टाकीखालचा सिमेंटचा ओटा. तिथं रोज सकाळी फिरून आलेली, म्हणजे फिरायला म्हणून घरातून निघालेली, सात-आठ निवृत्त माणसं बसतात. त्यात दत्तोबा एसटीतले कंडक्टर, संभाजीराव हेडमास्तर, आणि मुलाणी साहेब शेतकी खात्यातले पर्यवेक्षक. बाकीच्यांना कुणी साहेब म्हणत नाही, त्यामुळे हे बिरुद त्यांना जरा जपावं लागतं. तीस वर्षं त्यांनी गावोगाव जाऊन शेतकऱ्यांना काय करावं ते सांगितलं. शेतकऱ्यांनी ते मान डोलावून ऐकलं आणि आपल्याला हवं तेच केलं. पण सांगायची सवय काही सुटत नाही.

त्या मंगळवारी दत्तोबांच्या हातात एक पत्र्याचा डबा होता. सुनेनं बारामतीच्या मॉलमधून आणलेला, आत शिजवलेला राजमा. "झाकण वडायचं, गरम करायचं, खायचं," दत्तोबा म्हणाले, "ना भिजवायची कटकट ना शिट्ट्या मोजायची."

मुलाणी साहेबांनी डबा हातात घेतला, उलटा केला, बारीक अक्षरं चष्म्याजवळ नेऊन वाचली आणि तो परत दिला. "दत्तोबा, वाळलेला दाणा म्हणजे झोपलेला जीव असतो. पाणी दाखवलं की उठतो. हा तुमचा मेलाय. हा कशानंच उठायचा नाही."

"आमाला कुठं त्याला उठवून शाळंत धाडायचाय? खायचाय," दत्तोबा म्हणाले.

सगळे हसले. इथं साहेबांनी थांबायला हरकत नव्हती. पण संभाजीराव म्हणाले, "वहिनी इंदापूरला लेकीकडं गेल्यापासून साहेब स्वतः मेसच्या डब्यावर हायेत. आन् आपल्याला झोपलेल्या जीवाच्या गोष्टी सांगत्यात."

हे वर्मी लागलं. फरजाना, म्हणजे साहेबांच्या पत्नी, मुलीच्या, मेहरीनच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, त्याला पंधरा दिवस झाले होते. मेसच्या डब्यातली डाळ साहेब मुकाट गिळत होते हेही खरं होतं. पण खरं असलं म्हणून ते चारचौघांत ऐकून घ्यावं असं नाही. साहेब उभे राहिले. "शनिवारी दुपारी सगळे माझ्याकडं जेवायला. भिजवण्यापासून फोडणीपर्यंत माझ्या हातची उसळ. शिजवायला काय अक्कल लागते?"

घरी येऊन त्यांनी फरजानांना फोन केला. "आपल्याकडं कडधान्य कुठं असतं?"

"ओट्याखाली डबे आहेत. चवळी असेल बघा. का हो?"

"सहज."

एकतीस वर्षांच्या संसारात साहेबांनी सहज म्हणून कडधान्याची चौकशी कधी केली नव्हती, तेव्हा फरजाना सावध व्हायला हव्या होत्या. पण तिकडं नात रडायला लागली आणि फोन बंद झाला.

ओट्याखाली सारखे दिसणारे नऊ स्टीलचे डबे होते. चवळी सातव्या डब्यात होती. साहेबांनी पाचवाच उघडला आणि त्यात वरपर्यंत राख दिसली. राखेत बोट घातलं तर खाली पावटा. टपोरा, तांबडा, अंगावर काळे ठिपके. साहेब गहिवरले. त्यांची आईसुद्धा भुंगा लागू नये म्हणून कडधान्य असंच राखेत ठेवायची. आपली बायको इतक्या जुन्या वळणाची आहे हे आपल्याला एवढ्या वर्षांत कळलं नाही, असं त्यांना वाटलं. चवळीपेक्षा पावटा भारदस्त, असंही वाटलं.

आता एक गोष्ट आत्ताच सांगून टाकलेली बरी. तो पावटा फरजानांचा नव्हता.

तो शेजारच्या रंगूबाईंचा होता. रंगूबाई ऐंशीच्या घरातल्या. माहेर निमगाव केतकी, सासर वडगाव निंबाळकर. गुडघे गेल्यामुळं वर्षभरापासून नातू अविराज आणि नातसून वृषाली यांच्या जळोचीतल्या बंगल्यात राहायला आलेल्या. वडगावात त्या शेताच्या बांधावर हा पावटा लावायच्या. मग मुलांनी बांधापर्यंत ऊस नेला, आणि गेल्या साली बांधच काढला. निघताना रंगूबाईंनी उरलेलं बी फडक्यात बांधून सोबत आणलं होतं. ज्या घरांनी एकेकाळी त्यांच्याकडून बी नेलं होतं, तिथं आता कुणाकडं ते राहिलं नव्हतं. होतं नव्हतं ते त्या फडक्यात.

मार्चमध्ये त्यांनी ते फडकं कंपाउंडच्या भिंतीवरून मुलाणी साहेबांच्या हातात दिलं. "सायेब, तुमी शेतकीतलं. नातसुनंच्या घरात म्या ठिवलेली वस्तू मलाच गावत न्हाय. एवढं बी सांभाळा. मृगाला भितीच्या कडंनं लावीन. जुनं हाय, उगवंल का न्हाय तेवढं बघा."

साहेबांनी ते दोन्ही हातांनी घेतलं होतं. "मावशी, शंभर दाणे ओल्या गोणपाटात घालून उगवण काढून देतो. लेबल लावून ठेवतो." आणि घरात येऊन ते फरजानांच्या हातात देऊन म्हणाले होते, "हे नीट ठेव." फरजानांनी ते राखेसकट डब्यात ओतलं, तसं नवऱ्याला सांगितलंही. साहेब तेव्हा पेपर वाचत होते. लेबल लावायचं राहिलं. उगवण काढायचीही राहिली. दर आठ दिवसांनी रंगूबाई भिंतीवरून विचारायच्या, "तपासलं का ओ सायेब?" आणि साहेब म्हणायचे, "चालू आहे, मावशी." तीस वर्षांच्या नोकरीमुळं हे दोन शब्द त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडायचे, त्यासाठी काही चालू असावं लागत नसे.

आणि पावटा बघून त्यांना आठवू नये? आता काय सांगायचं! त्यांची सगळी नोकरी उसात गेली होती.

तर किती घ्यायचा, हा पहिला प्रश्न. दत्तोबांना फोन केला. दत्तोबांना डेपोच्या कँटीनचा अंदाज होता. "माणशी पावशेर धरा, सायेब. उसळ कमी पडली तर लई नाचक्की हुती." आठ माणसं, माणशी पावशेर, म्हणजे दोन किलो. डब्यात जवळजवळ तेवढाच होता. तळाशी दोन मुठी राहिल्या तेव्हा साहेबांचा हात जरा थांबला. मग म्हणाले, एवढ्याशासाठी डबा कशाला अडवायचा, आणि त्याही ओतल्या.

बुधवारी संध्याकाळी राख धुऊन पावटा एका पातेल्यात भिजत घातला. गुरुवारी सकाळी तो पातेल्यातून वर आला होता. साहेबांनी दुसरं पातेलं घेतलं. मग कुकर घेतला. मग कणकेची परात. दुपारपर्यंत आंघोळीची नवी बादलीही कामाला लागली. एसटीच्या कँटीनचा पावशेर हा शिजवलेल्या उसळीचा असतो, कोरड्या दाण्याचा नव्हे, हे दत्तोबांनी नंतर सांगितलं. "तुमी इचारलं कुठं?" असंही वर म्हणाले.

मग पावटा धोतराच्या फडक्यात बांधून मोड यायला ठेवला. मे महिना. शुक्रवारी सकाळी गाठ सोडली आणि साहेब बघतच राहिले. पांढरेशुभ्र, करंगळीच्या नखाएवढे मोड, एकेका दाण्याला. त्यांनी सवयीनं मूठभर दाणे ताटात पसरले आणि न उगवलेले वेगळे काढायला बसले. एकही निघाला नाही. दुसरी मूठ घेतली. त्यातही नाही. अशी उगवण त्यांनी खात्याच्या कागदावर पुष्कळदा लिहिली होती, डोळ्यांनी बघितली नव्हती. त्यांनी फोटो काढून कट्ट्याच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'झोपलेला जीव उठला.'

ग्रुपवरून लगेच सल्ले आले. संभाजीरावांनी लिहिलं की पावटा सालीसकट बाधतो, पोट फुगतं, सोलल्याशिवाय त्यांना चालणार नाही. आणखी एकानं ओवा सुचवला. एकानं सोडा घालू नका म्हणून सांगितलं आणि त्याच्याच भावानं घाला म्हणून. बोअरच्या जड पाण्यात दाणा मरेपर्यंत शिजत नाही, फिल्टरचं पाणी वापरा, असं वृषालीनं भिंतीपलीकडून सांगितलं. साहेबांनी सगळ्यांना हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि सोलायला बसले.

चार-साडेचार किलो भिजलेला पावटा सोलणं म्हणजे काय असतं ते ज्यानं सोललाय त्यालाच माहीत. पहिल्या तासात साहेबांनी जुनी गाणी ऐकली. दुसऱ्या तासात ऐकवेनात. मध्ये जुम्म्याची नमाज पढून आले, तेवढीच पाठ सरळ झाली. मशिदीत शेजारच्यानं विचारलं, "साहेब, बोटं का अशी सुरकुतलीत?" तर म्हणाले, "जरा शेतकीचं काम चालू आहे." संध्याकाळी सोलून झालं. तांबड्या सालींची पिशवी भरून कचऱ्याच्या गाडीत गेली आणि मागं उरला पिवळट-पांढरा पावटा, जो आता जगातल्या कुठल्याही सोललेल्या पावट्यासारखा दिसत होता.

शनिवारी सकाळी साहेबांनी कुकर गळ्यापर्यंत भरला. कुकर अर्धाच भरायचा असतो हे बाईमाणसं उगाच सांगत नाहीत. दोन शिट्ट्या झाल्या, तिसरीला फेस अडकला, आणि मग कुकर काहीच बोलेना. साहेब कान देऊन जवळ गेले. तेवढ्यात वरचा शिशाचा व्हॉल्व्ह उडाला आणि पावट्याचा पांढरा फवारा थेट छताला लागला. साहेब टेबलाखाली कसे पोचले ते त्यांना आठवत नाही. एरवी त्यांचे गुडघे ग्रुपवर रोज दुखत असतात.

"काका! काय फुटलं ओ?" वृषाली भिंतीवरून ओरडली.

"काही नाही," टेबलाखालून आवाज आला. "चालू आहे."

मग सगळा पावटा मोठ्या पातेल्यात घातला आणि पातेलं शेगडीवर ठेवलं. दहा मिनिटांत शेगडीची निळी ज्योत पिवळी झाली, लहान झाली आणि गेली. दुसरी टाकी रिकामी होती. ती भरून आणायचं काम साहेबांचं होतं, आणि तेही चालूच होतं.

साहेबांनी टाकी स्कूटरवर बांधून गॅसच्या ऑफिसात नेली. तिथं कळलं की बुकिंगचा कोड मुलाच्या, सोहेलच्या नंबरवर जातो. सोहेल कतारला. रात्रपाळी करून झोपलेला. बारा वेळा फोन केल्यावर उठला आणि म्हणाला, "अब्बा, कोड जुना झाला, परत पाठवायला सांगा." परत पाठवायला सांगितलं तर खिडकीतली मुलगी म्हणाली, "काका, तुमचं केवायसी झालेलं नाही. आधी अंगठा लावा."

साहेबांनी अंगठा लावला. मशीन नको म्हणालं. दुसरा लावला. तर्जनी लावली. दहाही बोटं झाली. मुलीनं त्यांचा हात पुढं ओढून बघितला. "काका, बोटांना रेषाच नाहीत. काय केलंत?"

साहेबांनी आवाज खाली आणला. "पावटा सोललाय."

"काय सोललाय?"

"पावटा!"

मागं अकरा माणसांची रांग होती. रांगेतून सल्ले आले. बोटं केसांवर घासा. लिंबू लावा. व्हिक्स लावा, माझ्या सासऱ्याचा लगेच लागला. एक जण म्हणाला, "मालकीण न्हाईत वाटतं घरात," आणि ते सगळ्यांना पटलं. साहेबांनी घासलेल्या केसांनी, व्हिक्सच्या वासानं आणि रिकाम्या टाकीनं परतीची वाट धरली. या तालुक्यात एकेकाळी त्यांच्या सहीशिवाय पाइपलाइनचं अनुदान मिळत नसे. त्याच तालुक्यात त्यांचा अंगठा कुणी ओळखेना, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

घराशी आले तर साडेअकरा. भिंतीपलीकडं रंगूबाई उभ्या. त्यांनी टाकी बघितली, केस बघितले. "सायेब, जीव का असा घालवून घेताय? पातेलं घेऊन या हिकडं. माझी चूल हाय की परसात. अविराजच्या टायलीला धूर नको म्हणून बाहेर घातलीया. या, लाजू नका."

साहेबांना इतकं बरं वाटलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. अविराज आणि साहेब, दोघांनी पातेलं उचलून चुलीवर ठेवलं. रंगूबाईंनी बाभळीचं सरपण सारलं, फुंकणी घेतली आणि गुडघ्यांची कुरकुर करत चुलीपुढं बसल्या. पातेल्यात बघून म्हणाल्या, "सोलला? ह्ये काम कुणी शिकिवलं तुमाला! ग्वाड लागंल." मग त्यांनी कांदा चिरला, लसूण ठेचला, खोबरं भाजलं. साहेबांच्या हातची उसळ म्हणता म्हणता त्यात साहेबांचा हात राहिला तो फक्त पळी धरण्यापुरता.

बाराला फरजानांचा फोन आला. "अहो, ग्रुपवरच्या फोटोचं दत्तोबांच्या सूनबाईंनी सांगितलं. आठ माणसं बोलावलीत म्हणे? चवळी पुरली ना?"

"पुरली," साहेब म्हणाले, कारण पुरलं होतं एवढं खरं होतं.

"आणि ऐका, तिथंच एक राखेचा डबा आहे, त्याला हात लावू नका बरं. रंगूमावशींचं बी आहे त्यात. मृग आला ना आता, त्यांना ते द्यायचंय. तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं मी... ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"आवाज का असा येतोय?"

"धूर आहे जरा."

फोन खिशात ठेवायला त्यांना तीनदा खिसा शोधावा लागला. पातेल्याला चांगली उकळी आली होती. साहेबांनी पळी घातली, चार दाणे काढले, बोटांनी दाबले. मऊ. तळातून चार काढले. मऊ. कडेचे काढले. एखादा तरी कडक असेल, एखाद्याला तरी अजून आच लागली नसेल, म्हणून ते पळी ढवळत राहिले.

"शिजलं का बघताय व्हय?" रंगूबाईंनी विचारलं.

"हो."

"कच्चा हाय का एकादा?"

"नाही, मावशी," साहेब म्हणाले. "एकही नाही."

"मग झालं की. गरीब दाणा हाय, लवकर शिजला." त्यांनी एक लाकूड मागं ओढलं. "बरं झालं इशय निघाला. मृग लागतोय पुढल्या आठवड्यात. अविराजनं भितीच्या कडंनं आळी करून दिल्यात. तेवढं बी काढून ठिवा बरं का. आमच्या आईनं माझ्या पदरात बांधलं हुतं त्ये, निमगावातनं निघताना. म्हणली, सोनं-नाणं तर न्हाय द्यायला, ह्ये घे. जिथं जाशील तितं लाव, म्हंजी माहेर हाय तुझं. लई वाटलं वो म्या. माळ्याच्या घरी, सुताराच्या घरी, तुमच्यातल्या म्हमद्याच्या आईला दिलं. आता कुणाकडं न्हाय. सगळ्यांनी ऊस लावला."

गोष्टींमध्ये अशा वेळी कुणीतरी येतं. दार वाजतं, मूल रडतं, आणि सांगायचं ते राहून जातं. इथं असं काहीही झालं नाही. वृषाली आत भाकरी थापत होती, अविराज अंघोळीला गेला होता, आणि परसात ते दोघंच होते. साहेबांना पुरी दहा मिनिटं मिळाली. त्यांनी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा म्हणाले, "मावशी, मीठ किती घालू?" दुसऱ्यांदा म्हणाले, "ऊन फार आहे." त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की चुलीतल्या धुराचं त्यांना बरं वाटलं, निदान डोळे पुसायला कारण होतं.

एवढ्या वर्षांत त्यांनी किती सभांमधून सांगितलं होतं, खायचं धान्य वेगळं, बियाण्याचं वेगळं! बियाण्याला लेबल लावा, लेबल नसलेलं बियाणं बेवारस. अडाणी माणसं ती, असं ते सभेहून परत येताना जीपमध्ये म्हणायचे. त्यांतल्या कुणी कधी कुणाचं बी शिजवून खाल्लं नव्हतं.

साडेबाराला कट्टा आला. परसातल्या सावलीत सतरंजी अंथरली गेली, पंगत बसली. दत्तोबांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. "सायेब, हरलो. तो पत्र्याचा डबा म्या कुत्र्याला घालतो."

"चव काय आहे राव!" संभाजीराव म्हणाले. "मी सोललेला म्हणालो ते उगीच नाही. पण असला पावटा मिळतो कुठं? मला किलोभर आणून द्या."

"हां, मला बी," दत्तोबा म्हणाले.

हे सगळं ऐकायला मिळावं म्हणून साहेबांनी चार दिवस पाठ मोडून घेतली होती. आता एकेका शब्दाबरोबर त्यांची मान खाली जात होती. त्यांच्या ताटातली उसळ तशीच होती. भाकरीचा एक तुकडा ते किती तरी वेळ मोडत होते.

सगळ्यांना वाढून झाल्यावर रंगूबाई उंबऱ्याशी बसल्या. वृषालीनं त्यांना वाटीत उसळ दिली. त्यांनी भाकरी कुस्करली, घास घेतला आणि चावता चावता थांबल्या. मग भाकरी बाजूला सारून त्यांनी रश्श्यातला एकच दाणा बोटांनी उचलला, तोंडात ठेवला आणि सावकाश चावला. त्यांनी वर बघितलं. साहेब त्यांच्याकडेच बघत होते.

"सायेब," त्या म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्या पंगतीला ऐकू गेला. "ह्याची साल तांबडी हुती का?"

"हो, मावशी."

"वर काळं ठिपकं?"

"हो."

दत्तोबांचा घास हातातच राहिला. त्यांना काही कळलं नव्हतं, पण काहीतरी झालंय एवढं कळलं होतं. वृषालीला मात्र कळलं. तिनं तोंडावर हात ठेवला.

"समदा?"

"सगळा, मावशी. मी लेबल लावलं नाही. तपासतो म्हणालो ते तपासलंही नाही. दर वेळी खोटं बोललो. मघाशी तुम्ही सांगत होता तेव्हासुद्धा मला माहीत होतं, आणि मी..." साठी उलटलेला माणूस, सगळ्या कट्ट्यासमोर, भाकरीच्या हातानं तोंड झाकून बसला.

रंगूबाई वाटीतल्या उसळीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मोड आणलं हुतं न्हवं?"

"हो."

"किती दाण्यास्नी आलं?"

साहेबांनी हात खाली घेतला. नोकरीत हा प्रश्न त्यांना हजार वेळा विचारला गेला होता, आणि हजार वेळा त्यांनी अंदाजानं आकडा ठोकला होता. "सगळ्यांना आले," ते म्हणाले. "मी मुठी भरभरून बघितलं, मावशी. एकही दाणा मागं राहिला नव्हता."

"एक बी न्हाय?"

"एकही नाही."

रंगूबाईंनी मान हलवली. "म्हंजी बी चांगलं हुतं. म्या नीट राखलं हुतं."

"तुम्ही नीट राखलं होतं."

त्यांनी पदरानं डोळे पुसले. त्या रडत होत्या, आणि ते त्यांनी लपवलं नाही. मग वाटी उचलून तोंडाला लावली, सगळी संपवली, आणि रिकामी वाटी साहेबांच्या पुढं धरली.

"साठ वर्सं झाली," त्या म्हणाल्या. "पोटभर कवा खाल्ला न्हाय म्या ह्यो पावटा. बी कमी पडंल म्हणून मूठभरच शिजवायची, ती पोरास्नी वाढायची. वाढा."

साहेब उठले. पळी भरून वाढली.

"आजून," रंगूबाई म्हणाल्या.

त्यांनी अजून वाढली. कट्ट्यावरच्या कुणीही त्यानंतर उसळ मागितली नाही, आणि कुणी उठूनही गेलं नाही. रंगूबाई खात होत्या, आणि मुलाणी साहेब हातात पळी घेऊन त्यांच्यासमोर उभे होते.